छपरावरचे टायर

वडिलांनी चाळीस वर्षं पोलादपूरहून आंबेनळी घाटात टॅक्सी चालवली. घाट चढण्याआधी ते चारी टायरवरून तळहात फिरवायचे. भेग, खिळा, रुतलेला खडा सगळं त्यांना हाताला कळायचं. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवली, टायर काढले आणि गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले. "रबराला ऊन लागू देऊ नको," एवढंच मला बजावलं.

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. तेव्हापासून एकच हट्ट: आपल्या गाडीतून एकदा घाट चढायचा. मी हौसेनं कामाला लागलो. इंजिन बांधून घेतलं, रंग दिला, नवे टायर घातले आणि बाबांना हाताला धरून अंगणात आणलं. ते वाकले आणि टायरवरून हात फिरवला.

"हे आपले टायर नाय रे. एवढे रुंद? ही दुसऱ्याची गाडी हाय. मी नाय बसणार."

मला रागच आला. एवढा खटाटोप केला आणि म्हातारा टायरवर अडला! तरी महाडला गेलो. ओळखीचे टायरवाले चाचा म्हणाले, "तसे अरुंद टायर आता इथे कुठे? बाहेरदेशातून मागवायचे तर सहा महिने धरा." बाबांकडे सहा महिने आहेत का, हे मी कुणाला विचारणार?

परतताना माळ्यावरचे टायर आठवले. माळा मीच साफ केला होता. पावसाळ्याआधी गोठ्याच्या छपरावर प्लास्टिक अंथरतो, ते उडू नये म्हणून आमच्याकडे सगळेच वर जुने टायर ठेवतात. मी बाबांचे ठेवले. सहा वर्षं ते तिथेच होते.

खाली उतरवले, वेड्या आशेनं धुतले आणि बाबांसमोर मांडले. हात लागताच त्यांचा चेहरा फुलला.

"हां! हे आपले."

मग त्यांचं बोट भेगेत गेलं आणि तिथेच थांबलं.

"उन्हात कोणी टाकले रे?"

"मीच, बाबा."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोट भेगेतून काढलं.

"ठेव परत छपरावर," ते म्हणाले. "वारा सुटलाय. गुरं भिजतील."

मी शिडी लावली.