नानांनी आवळलेले बोल्ट

बोल्ट आवळून झाला की नाना मिस्त्री त्याच्या डोक्यावर तांबड्या ऑइलपेंटचा एक ठिपका ठेवत. शेजारी ट्रकांच्या पाठीवर फुलं आणि नावं रंगवणारा पेंटर होता, त्याच्या डब्यात काडी बुडवून आणत. विचारून आणत, असं मी तरी कधी पाहिलं नाही. त्या ठिपक्याला ते कुंकू म्हणत. "कुंकू लायं म्हंजे मना शबद शे," असं सांगत. ठिपका लागलेल्या बोल्टला दुसऱ्या कुणी पाना लावला, की त्या माणसाचं गॅरेजात पाणी प्यायला येणंसुद्धा बंद.

नाना मूळचे दोंडाईचाचे. उभी हयात जळगावात, हायवेलगतच्या गॅरेजांच्या ओळीत गेली, तरी त्यांची अहिराणी काही सुटली नाही. मी मुक्ताईनगरकडचा केळीवाला. वडिलांचा जुना ट्रक माझ्याकडे आला आणि त्याच्यासोबत नानाही आले, असंच म्हणावं लागेल. नाना अंगानं काडी, पण दंडाचा गर्व असा, की सदऱ्याची बाही कायम खांद्यापर्यंत दुमडलेली. "कंपनीना साहेबबी मना दंड देखी गया," हे मी इतक्यांदा ऐकलंय, की तो साहेब समोर आला तर मी त्याला ओळखेन. कोणता साहेब, कधी आला होता, असं विचारलं की नाना चहा मागवत.

किती जोर लागला ते आकड्यात दाखवणारा काट्याचा पाना त्यांच्या भिंतीवर होता, पण नुसता शोभेला. "काटा सांगी तसं आवळानं, मंग मी कसाले शे?" इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याचे बोल्ट ते मधून सुरू करायचे, कडेकडे जायचे, पुन्हा मध्ये यायचे. आवळताना डोळे मिटलेले. तेव्हा त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. मी एकदा चहा गार होतोय म्हणालो, तर त्यांनी सगळे बोल्ट ढिले करून पहिल्यापासून सुरुवात केली. चहा अर्थातच गार झाला, आणि तो मलाच प्यायला लावला.

आमचं इंजिन त्यांनी शेवटचं बांधलं तेव्हा ते मोठ्या आजारातून नुकतेच उठले होते. बाही तशीच दुमडलेली, पण दंड पार वाळलेला. मधले बोल्ट नेहमीसारखे झाले. कडेला आल्यावर मात्र नाना थांबायला लागले, दम खायला लागले. मी पाना धरायला हात पुढे केला.

"तुना हात केळीना शे, भाऊ. दूर व्हय."

मी दूर झालो. मधल्या बोल्टांवर कुंकू लागलं, कडेचे तसेच राहिले. विचारलं तर म्हणाले, "ह्या मंग. गाडी फिराव, इंजिन तापू दे, मंग परत लई ये. तधळ लावसु." कुंकू तेव्हा लावणार होते. नवी बांधणी तापून निघाली की बोल्ट पुन्हा एकदा आवळतात, हे मला माहीत होतं. त्यामुळे मी काही मनात आणलं नाही. गाडी परत नेली तेव्हा गॅरेजचं शटर बंद होतं. नाना धुळ्याला, मुलीकडे, दवाखान्यात. फोनवर पहिला प्रश्न आला, "गाडी कशी शे? पानी खास का?" मी म्हटलं, पाणी अजिबात खात नाही, झकास आहे. नाना धुळ्याहून परत आले नाहीत.

गाडी पुढे कितीतरी चालली. यंदा मात्र तेलात पाणी उतरलं. घरात सगळ्यांचं एकच, भंगारात द्या. मला ते ऐकवत नव्हतं. वडिलांची गाडी म्हणून, आणि खरं सांगायचं तर नानांनी बांधलेली म्हणून जास्तच. नानांच्या शेजारच्या गॅरेजातल्या शकील मिस्त्रीनं बघून सांगितलं, "हेड खोलतो, भाऊ. पण परत आवळायचं किती? जास्त झालं तर जुन्या लोखंडाचे आटे जातील, मग भंगारच. कमी झालं तर पाणी पुन्हा तेलात. आकडा आणा."

आकडा शोधत मी धुळ्यातल्या पार्टवाल्यांकडे गेलो, धरणगावच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडे गेलो. कंपनीचं पुस्तक कुठेच मिळेना. मोबाईलवर जितके जाणकार, तितके आकडे. शेवटी शकीलच म्हणाला, "आकडा गाडीतच आहे की. बोल्ट आत्ता जिथे आहे तिथे खूण करायची, जरा ढिला करायचा, आणि खुणेला खूण जुळेपर्यंत काट्याच्या पान्यानं परत आवळायचा. नानांनी किती जोर लावला होता, ते काटा सांगेल."

उपाय सोपा होता, पण मला फार जड गेला. नानांचं आता जगात उरलं होतं काय? गॅरेज दुसऱ्याचं झालं होतं. त्यांच्या हाताचा जोर तेवढा त्या बोल्टांनी धरून ठेवला होता, आणि तो सोडल्याशिवाय मोजता येत नव्हता. मी शकीलला जरा थांब म्हटलं. तो बिचारा बिडी ओढत थांबला.

मधला पहिला बोल्ट कर्रकन सुटला. खुणेवर परत आणला, तेव्हा काटा एका आकड्यावर थांबला. दुसऱ्या बोल्टला तोच आकडा. तिसऱ्यालाही तोच. "क्या हाथ था," शकील म्हणाला. मग आम्ही कडेला आलो, बिनकुंकवाच्या बोल्टांकडे. तिथे काटा उतरायला लागला. प्रत्येक बोल्टला थोडा खाली, शेवटच्याला तर जेमतेम निम्म्यावर. पाणी तिथूनच उतरलं होतं. त्या दिवशी नाना कुठे दमले, ते मला आज काट्यावर दिसत होतं. त्यांना ते तेव्हाच कळलं होतं. तोंडानं कबूल करणं त्यांच्या गर्वात बसत नव्हतं, पण त्या बोल्टांना त्यांनी आपला शब्दही दिला नव्हता.

मधल्या बोल्टांचा आकडा तोच आमच्या गाडीचा आकडा ठरला. हेडखाली पाणी अडवणारी नवी गॅसकेट बसली. मधले बोल्ट शकीलनं आवळले. कडेचे मी आवळतो म्हटलं, तर त्यानं पाना हातात दिला. काटा नानांच्या आकड्यावर आला की मी थांबत होतो.

पेंटरचा डबा मी विचारून आणला. मधल्या बोल्टांवरचे जुने ठिपके अजून होते, तिथे काही करायचं नव्हतं. कडेच्या बोल्टवर काडी नेली आणि हात थबकला. मागून कुणीतरी "दूर व्हय" म्हणावं, असं फार फार वाटलं. कुणी म्हणालं नाही. मग मी ठिपका ठेवला.