ब्रेकचा पाईप आखूड पडला

वारंगा फाट्यावर माझं गॅरेज आहे. तीस वर्षं गाड्यांखाली पडून काढली. आता छप्पन्नाव्या वर्षी खाली सरकणं जमतं, बाहेर येताना मात्र कंबर धरावी लागते. मागच्या साली ऐन हळद काढणीत धाकट्या बहिणीनं तिची जुनी जीप माझ्याकडं आणली.

बहीण पुसेगावाकडं दिलेली. शेत ओढ्यापलीकडं. कामाच्या बायांना शेतात न्यायचं-आणायचं तर जीपच लागते, आणि ती तीच चालवते, दाजी ट्रॅक्टरवरचे. ओढ्यातल्या दगडांना गाडीचं पोट घासायचं.

"दादा, जरा उंच करून दे हिला. रोज खालून काहीतरी खरवडून राहिलं."

दोन दिवस लागले. स्प्रिंगचे पाटे बदलले, पाट्यांना धरणारे शॅकल लांब टाकले, शॉकॲब्सॉर्बर मोठे बसवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी चांगली चार बोटं वर आली. चाकं टेकवून मी शेवटचं खाली सरकलो. मागच्या बाजूला चासीपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, एक्सलच्या हाऊजिंगपर्यंत एक रबरी पाईप जातो, ब्रेकचं ऑईल त्यातूनच मागच्या चाकांना मिळतं. आधी तो पाईप ऐसपैस झोल खाऊन होता. आता जवळजवळ सरळ झाला होता.

काय करायचं ते मला ठाऊक होतं. चासीला जॅक लावायचा, खाली टेकूच्या घोड्या द्यायच्या, चाकं मोकळी लोंबू द्यायची आणि मग बघायचं, पाईप पुरतो की ताणला जातो. पुढची चाकं दोन्हीकडं पूर्ण वळवून तिथले पाईपही तसेच बघायचे. अर्ध्या तासाचं काम. मी पाईपावर बोट फिरवलं. चाकं जमिनीवर आहेत, पुरतोय की, असं मनाशी म्हणालो. पाठीत कळ येऊन राहिली होती. जॅक चार हातांवर पडलेला, तो ओढून आणायचीही इच्छा नव्हती.

"झाली का रे?" बहिणीनं बाहेरून विचारलं.

"झाली," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी हळू होता.

"दादा, ब्रेक लागला न्हाई."

मोटरसायकल काढली, हिंगोली मागं टाकून तिच्या शेताकडं पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. ओढ्यातून वर येणाऱ्या चढावर मागचं चाक एका घळीत लोंबलं होतं. तेवढ्यात वरून बैलगाडी आली म्हणून तिनं ब्रेक दाबला, तर पायडल थेट तळाला. गाडी मागं निघाली. हॅन्डब्रेक ओढला, तोही धरेना. मग तिनं स्टेअरिंग वळवून गाडीची पाठ बांधावर घातली, म्हणून सात बाया वाचल्या. त्यांतली एक म्हातारी मावशी तेवढ्यात उडी मारायला गेली आणि हातावर पडली. तिला दवाखान्यात नेलं होतं.

दाजी चार-पाच गड्यांत उभे होते.

"बाईमाणसाच्या हाती गाडी दिली, चूक माझीच," ते मोठ्यानं म्हणत होते. "ब्रेक म्हणून क्लच दाबला असंल."

बहीण बांधावर बसली होती. पदराला माती, ओठ कोरडे. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मी ब्रेकच दाबला व्हता दादा."

मी गाडीखाली गेलो. पाईप हाऊजिंगजवळून उपटून निघाला होता. तुटका तुकडा लोंबत होता आणि ऑईल मातीत जिरलं होतं. जुन्या जीपला एकच लाईन. एक पाईप गेला की चारी चाकांचा ब्रेक गेला. त्या गड्यांपैकी कुणी खाली वाकून बघणार नव्हता. पाईप कुजला होता म्हणालो असतो तरी चाललं असतं. खोटं बोलायचं मनात आलं का, तर आलं. पण त्याहून जास्त, तिथंच सावलीत पडून राहावं असं वाटत होतं. कुणी हाक मारू नये, कुणी काही विचारू नये.

बाहेर आलो, कंबर धरून उभा राहिलो.

"दाजी, तिची चूक न्हाई. गाडी उंच केली मी, अन् पाईप आखूड पडला. चाक लोंबल्यावर तुटला. मी तपासायला पायजे व्हतं."

"मग काहून तपासलं न्हाई?"

"थकलो व्हतो."

दाजींनी माझ्याकडं बघितलं, मग बहिणीकडं. पाण्याचा तांब्या उचलून तिच्या हातात दिला आणि गड्यांना घेऊन शेताकडं चालू लागले. माझ्याशी त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत.

संध्याकाळी मावशीच्या घरी गेलो. मनगटाला प्लास्टर, हात गळ्यात बांधलेला. सुनेनं बसायला पोतं टाकलं. मी जे दाजींना सांगितलं तेच मावशीला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"थकला व्हतास त तसं सांगायचं," ती म्हणाली. "दोन दिवस आमी पायी गेलो असतो."

चहा आला, तो प्यालो.

दुसऱ्या दिवशी लांब पाईप घेऊन परत गेलो. बहिणीच्या अंगणात चासी जॅकवर घेतली, चाकं मोकळी सोडली. मी बसवत होतो तोवर बहीण शेजारी येऊन आडवी झाली, उजेडाला बॅटरी धरून.

"आता किती झोल राहिला?" तिनं विचारलं.

"हात लावून बघ."

तिनं बघितला. मग पुढं जाऊन स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, आणि पुन्हा खाली येऊन दोन्हीकडचे पाईप स्वतः चाचपले. माझ्यावर विसंबली नाही. ते बरोबरच होतं, तरी आत कुठंतरी लागलं.

पाईपातली हवा काढून ब्रेकचं ऑईल भरलं. चार दिवसांनी ती बाया आणायला गेली तेव्हा त्यांतल्या दोघी जीपमध्ये बसल्याच नाहीत, चालत आल्या. बाकीच्या बसल्या.

मावशीचं प्लास्टर निघालं. परवा बहीण फोनवर सांगत होती, मनगट अजून पुरतं वळत नाही, लुगडं पिळायला सून लागते. मी हं म्हणालो. मग तिला यंदा हळद कशी आहे ते विचारलं.