बारीक आकड्याचा हट्ट

मी पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मीच, आणि हे सांगताना मी आजही आवाज खाली करत नाही. महाडला राहून फिजिक्समध्ये बी.एस्सी. केली. पुढे बी.एड. करून मी मास्तरीण होणार हे वाडीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी महाडच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. चुलती म्हणाली, एवढं शिकून शेवटी लोखंडातच गेली. मी म्हटलं, हो, लोखंडातच.

खरं सांगायचं तर सुरुवातीला लोखंडाला माझा हात लागतच नव्हता. मला ठेवलं होतं मालाची चलनं लिहायला आणि फोन घ्यायला. वर्कशॉप लहान, आसपासच्या केमिकल कंपन्यांच्या पंपांचे शाफ्ट आणि झडपा दुरुस्त करणारं. दोन हजार साल उलटल्यावर शेठनी धाडस करून एक जुनी सीएनसी मिलिंग मशीन आणली. कॉम्प्युटरवर लिहिलेला प्रोग्राम दिला की ती आपली आपण लोखंड कोरते. सोबत तो प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर आलं. ते शिकवायला आलेला माणूस एवढ्या घाईत होता की चहासुद्धा उभ्यानंच प्यायला. त्यानं पडद्यावर काय काय दाबलं ते मी सोडून कोणी ध्यानात ठेवलं नाही. म्हणून त्या कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत मी बसले.

शेठ महाडच्या बाजारपेठेतले, स्वतः लेथवर हात काळे करून वर आलेले. मला खुर्ची देताना त्यांनी साफ सांगितलं होतं की पहिला मोल्ड, म्हणजे प्लॅस्टिकचा माल काढायचा साचा, गिऱ्हाइकानं पास केला तर खुर्ची तुझी. नाही केला तर पुण्याचा एक प्रोग्रामर ओळखीचा आहे, तो येईल आणि तू परत चलनं लिहायची. मला राग आला नाही. अट सरळ होती. पण मला ती खुर्ची हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

पहिला मोल्ड होता प्लॅस्टिकच्या साबणदाणीचा. झाकण घुमटासारखं गोलसर, म्हणजे लोखंडी ठोकळ्यात तसाच गोलसर खळगा कोरायचा. कडेच्या सरळ भिंती आरशासारख्या आल्या. पण गोलाईवर बारीक बारीक टिपके उठले. देवीच्या व्रणांसारखे. मोल्डवर डाग म्हणजे निघणाऱ्या प्रत्येक साबणदाणीवर डाग, आणि घासून काढायला जावं तर गोलाईच बिघडणार. गिऱ्हाइकानं मोल्डमधून काढलेला नमुना बघितला आणि नाही म्हणून मान हलवली.

मग सुरू झाले सल्ले. मशीन चालवणारे काका दासगावचे. त्यांचा संशय लोखंड कोरणाऱ्या कटरवर. कटर नवा लावला, टिपके तसेच. शेठचा संशय आधी बेअरिंगवर, मग लोखंडावर, मग वीजमंडळावर. शेवटी ते माझ्याकडे वळले आणि टॉलरन्सचा आकडा बारीक करायला सांगितला.

हा टॉलरन्स काय ते सांगते. मशीनला घुमटासारखी गोलाई आपली आपण कळत नाही. सॉफ्टवेअर गोलाईचे लहान लहान सरळ तुकडे पाडतं आणि मशीन एकेक तुकडा चालत जाते. ते तुकडे खऱ्या वळणापासून किती ढळले तर चालतील, तो आकडा म्हणजे टॉलरन्स. तो जितका बारीक तितके तुकडे बारीक, आणि तितके जास्त. माझा आकडा पाच मायक्रॉन होता; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शेठनी तो दोनावर आणायला लावला. टिपके वाढले. मग एकावर. आणखी वाढले. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला बारीक म्हणजे चांगलं हे कोणी शिकवावं लागत नाही, आणि मलाही तेव्हा ते बरोबरच वाटत होतं. तिसरा ठोकळा खराब झाल्यावर शेठनी सगळ्यांसमोर पुण्याला फोन लावला. तो प्रोग्रामर शनिवारी यायचा ठरला. माझ्याशी ते वाईट बोलले नाहीत. फक्त चलनांचं पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना म्हटलं, कटर ठोकळ्याच्या वर उचला, कुठे टेकू देऊ नका आणि प्रोग्राम चालू करा.

काका हसायला लागले. "हवा कापतेस काय गो बाय? हवा तर आपली आधीच बारीक हाय."

पण त्यांनी लावला. कटर अधांतरी फिरत होता, खाली ठोकळा बांधलेलं मशीनचं टेबल सरकत होतं. मी टेबलाच्या बाजूवर तळहात ठेवला. सरळ भिंतीपाशी ते लोण्यासारखं सरकलं. गोलाई आली आणि हाताला कळलं, टेबल चालत नव्हतं, अडखळत होतं. क्षणभर थांबायचं, पुढे जायचं, परत थांबायचं. म्हणजे दोष कटरचा नव्हता, लोखंडाचाही नव्हता, कारण कटर लोखंडाला लागलाच नव्हता. मग मी काकांना टेबलाचा वेग अर्ध्यावर आणायला सांगितलं. अडखळणं जवळजवळ गेलं. बेअरिंग खराब असतं तर सरळ रेघेतही ते खराबच असतं, एवढं फिजिक्स मला येत होतं.

मशीन थांबत होती. पण कशासाठी थांबत होती?

हात टेबलावर असतानाच मला आमच्या वाडीची पाण्याची टाकी आठवली. ती आम्ही श्रमदानानं बांधली. चढावर गाडी जात नव्हती, म्हणून खालच्या रस्त्यापासून वरपर्यंत बाया-पोरींची रांग लावून घमेली हातोहात चढवली. पोरींना जड होऊ नयेत म्हणून कोणीतरी घमेली अर्धी भरायला सांगितली. हात तेवढेच, त्यांचा वेग तेवढाच, आणि प्रत्येक घमेल्यात माल मूठभर. वर गवंडी थापी हातात धरून बसून राहिला. एका म्हातारीनं खालून ओरडून सांगितलं तेव्हा घमेली पुन्हा शिगोशीग भरली गेली आणि भिंत उठायला लागली.

आमच्या मशीनची मेमरी लहान होती. एवढा मोठा प्रोग्राम तिच्यात मावत नसे, म्हणून तो कॉम्प्युटरकडून एका केबलीतून, कापणं चालू असतानाच, ओळीओळीनं यायचा. एक ओळ म्हणजे एक तुकडा; सरळ भिंतीला एकच लांब ओळ पुरायची. मी आकडा बारीक करत गेले आणि घमेली रिकामी करत गेले. मशीन एक तुकडा चालून संपवायची आणि पुढची ओळ केबलीतून येईपर्यंत उभी राहायची. ती उभी, पण कटर फिरतोच आहे, एकाच जागी लोखंड घासतोय. तिथेच टिपका.

मी खुर्चीत बसले, टॉलरन्स वीस मायक्रॉन केला आणि जिथे जमेल तिथे तुकड्यांऐवजी सलग कंस, म्हणजे वर्तुळाचा भाग एकाच ओळीत, द्यायचा पर्याय चालू केला. प्रोग्राम पुन्हा काढला. तो इतका लहान झाला की मलाच धास्ती वाटली.

शेठ आले आणि पडद्यावरचा आकडा बघून जागेवर थांबले.

"गिऱ्हाईक डाग नको म्हणतंय, आणि तू आकडा जाड करतेस?"

वर्कशॉपमध्ये मी जपून, पुस्तकी बोलायचे. त्या वेळी ते सगळं सुटलं.

"गवंडी थांबलाय शेठ. घमेली पोचत नायत. अर्धी भरून पाठवतोय आपण."

काकांनी मान वर केली. मग मी सगळं सविस्तर सांगितलं. केबलीचा वेग आपण वाढवू शकत नाही, मशीन संथ केली तर मोल्डला दुप्पट वेळ जाईल, पण एका ओळीत जास्त वाट देऊ शकतो. वीस मायक्रॉन केसापेक्षाही बारीक असतात. साबणदाणीच्या झाकणावर एवढा फरक कोणाच्या बोटाला लागणार नाही, टिपका मात्र लागतो. त्यांना पटलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. नवा ठोकळा मिळणार नाही, खराब झालेल्या ठोकळ्याच्या पाठीवर कापून दाखव, असं म्हणून ते बाहेर गेले. काका ठोकळा उलटा करून बांधताना पुटपुटले की पोटावर मार खाऊन झाला, आता बिचाऱ्यानं पाठही पुढे करायची.

गोलाई आली. मी टेबलावर हात ठेवला नाही, कानांनीच ऐकत होते. आवाज एकसारखा येत राहिला, कुठे तुटला नाही.

कापून झाल्यावर काकांनी हवेनं चुरा उडवला आणि ठोकळा पुसला. शेठनी चष्मा लावला नाही. लेथवरची माणसं डोळ्यांपेक्षा नखावर जास्त भरवसा ठेवतात. त्यांनी अंगठ्याचं नख खळग्यात टेकवलं आणि सावकाश गोलाईवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत नेलं. नख कुठेच अडलं नाही. परत नेलं. मग काकांना म्हणाले, नवा ठोकळा बांधा.

तो मोल्ड गिऱ्हाइकाला दाखवला शुक्रवारी. त्यानं त्यातून काढलेला नमुना उजेडात धरला, फिरवला, आणि पुढच्या मोल्डची बोलणी सुरू केली. तो गेल्यावर शेठनी मला पुण्याला फोन लावायला सांगितलं. फोन लावणं माझंच काम होतं, लावला. पलीकडे प्रोग्रामर होता. मी सांगितलं की उद्या येण्याची गरज उरली नाही, डाग गेले. त्यानं विचारलं, कसे गेले. मी म्हटलं, टॉलरन्स जाड केला. तो म्हणाला, मी नीट समजून घेतो, जरा शेठना फोन द्या.

मी रिसीव्हर पुढे केला. शेठनी तो हातात घेतला, तोंडाशी नेला.

"तिच्याशीच बोला. प्रोग्राम तिचा आहे."

रिसीव्हर परत माझ्याकडे आला. शेठनी माझ्या टेबलावरचं चलनांचं पुस्तक उचललं आणि जाता जाता काखेत मारलं. मी खुर्ची पुढे ओढून नीट बसले आणि पुण्याच्या त्या माणसाला पहिल्यापासून समजावून सांगायला लागले.