आईनं स्वतः निवडलेलं ज्वारीचं पीठ

गोंदियात आमच्या कॉलनीजवळ ट्रॉली ढकलत सामान घ्यायचं एसीवालं किराणा दुकान नवीनच निघालं होतं. साल दोन हजार दहाच्या आसपासचं असेल... एका रविवारी सकाळी मी आईला तिथं घेऊन गेले.

बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सडक अर्जुनीजवळच्या गावची शेती भाऊ बघत होता, आणि आईला मी माझ्याकडे आणलं होतं. तिची शुगर वाढली होती. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा.

आता आमच्याकडच्या माणसाला भात कमी करा म्हणणं म्हणजे... सकाळी भात, रात्री भात, उरला तर दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात! घरचं धान मिलवर जायचं आणि तांदूळ वर्षभर पुरायचा. बाकीचं सगळं बाबा आठवडी बाजारातून आणायचे. सायकलच्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या लटकवून ते अंगणात शिरले की आम्हा भावंडांची धाव... सगळ्यात वर कागदात बांधलेले भजे असायचेच. तेलानं कागद पारदर्शक झालेला असायचा. तो वास अजून नाकात आहे.

आई कधी बाजारात गेली नाही. बाबा आणतील ते ती रांधायची, आणि काय मस्त रांधायची!

माझ्याकडे आल्यावर मात्र तिचं जेवण तुटलं. पोळी अर्धी खाऊन उठायची. मी हौसेनं ओट्स आणले, तर दोन चमचे खाऊन वाटी बाजूला. "हे बिमार मानसाचं खानं हाय वं," म्हणाली. तिचे ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले होते... बाबांच्या मागोमाग ही पण जाते की काय, अशी भीती मला वाटायची. बोलून दाखवत नव्हते एवढंच.

म्हणून त्या दिवशी तिला सोबत नेलं. तेवढंच बाहेर पडणं होईल, काहीतरी खावंसं वाटेल...

मी तेव्हा नवीनच 'स्मार्ट' झाले होते. एक्सपायरी बघायची, एकावर एक फ्री खरंच फ्री आहे का ते बघायचं, पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची. आई पदर सावरत माझ्यामागे चालत होती. कशालाच हात लावत नव्हती.

"घे ना आई, काय पाहिजे ते."

"हात लावला तं कोनी बोलन नाही नं?"

"कोणी नाही बोलत. आपणच उचलायचं."

ती थांबली. रॅककडे बघत हळूच म्हणाली, "मंग कोनालेच इचारा लागत नाही?"

मला आधी हसू आलं... आणि मग आलं नाही.

पिठांच्या रॅकपाशी ती बराच वेळ रेंगाळली. ज्वारीच्या पिठाचं एक पाकीट उचललं, दाबून पाहिलं, नाकाशी नेलं. प्लॅस्टिकमधून कसला वास येणार! परत ठेवून दिलं. "घरी तांदूळ हाय नं," असं स्वतःशीच म्हणाली आणि पुढे निघाली.

बिलाच्या रांगेत आमचा नंबर जवळ आला आणि मी मागे वळून पाहते तर आई नाही! मान उंच करून इकडेतिकडे शोधू लागले. तेवढ्यात ती दिसली. ते पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून, माणसांमधून वाट काढत येत होती... लहान मुलीसारखी. ट्रॉलीत न ठेवता तिनं ते स्वतःच काउंटरवर ठेवलं.

घरी आल्यावर मला स्वयंपाकघरातून बाहेरच काढलं तिनं. पहिली भाकरी थापतानाच फाटली. पीठ जुनं होतं. मग तिनं उकळतं पाणी घालून पीठ मळलं, आणि दुसरी भाकरी तव्यावर अशी काही फुगली की मी बघतच राहिले. माझ्या आठवणीत आईनं गावच्या घरी भाकरी कधी केलीच नव्हती.

सोबत झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आई पोटभर जेवली. कितीतरी महिन्यांनी... आणि जेवताना बोलायला लागली.

तिचं माहेर वर्ध्याकडचं. तिकडे ज्वारीच. लग्न होऊन आमच्या धानाच्या गावात आली तेव्हा सुरुवातीला भातानं पोटच भरायचं नाही म्हणे तिचं. रात्री मायच्या हातची भाकरी आठवून रडू यायचं.

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"कायले सांगू? कोठ्या धानानं भरल्या होत्या. त्याहिनं एवढ्या मेहनतीनं पिकवलं, अन म्या म्हनू का बाहेरून ज्वारी आना?" मग म्हणाली, "तुहे बाबा लय चांगले होते. सांगतलं असतं तं दुसऱ्याच दिवशी पोतं आनलं असतं. म्याच नाही सांगतलं."

तिचे डोळे भरले होते, पण हात भाकरीचा तुकडा मोडतच होता...

त्यानंतर आमच्या घरी रोज एका वेळेला भाकरी व्हायला लागली. शुगर हळूहळू आटोक्यात आली, चेहरा भरला. पुढं तर ती एकटीच ऑटोनं त्या दुकानात जायची, आणि पीठ ताजं नसलं तर काउंटरवर सांगूनही यायची!

पण त्या दुपारचं जे मनात राहिलंय ते वेगळंच. ताट उचलता उचलता आईनं मला सहज विचारलं, "अन तुले वं? तुले सोताले काय आवडते?"

माझ्या नवऱ्याला काय आवडतं, मुलांना काय आवडतं, सगळं पाठ होतं मला. स्वतःचं मात्र पटकन सांगताच येईना... आई ताट हातात धरून तशीच उभी राहिली, माझं उत्तर येईपर्यंत.