पंधराचे सोळा

माझी धाकटी जाऊ कॉलेजच्या परीक्षा विभागात कारकून आहे. वीस वर्षं त्याच टेबलावर. खोलीला खिडकी नाही, मागे लोखंडी कपाटं, डोक्यावर दिवसाही ट्यूबलाइट. घरीसुद्धा ती दुधापासून औषधांपर्यंत सगळ्याचे तक्ते आखते, म्हणून दीर तिला ‘रकाना’ म्हणतात. मी पहिल्या वर्गात पदवीधर झाले. ती नोकरी सांभाळून, बाहेरून परीक्षा देत कशीबशी पास झाली. तरी बिल्डिंगमधलं कुणीही गुणपत्रिका हातात घेऊन निघालं, की माझ्या दारावरून वर तिच्याकडे जातं. हे मला सलत आलंय. खोटं कशाला बोलू?

त्यात यंदा आमच्या दोघींच्या मुली तिच्याच कॉलेजात, एकाच वर्गात. संख्याशास्त्राचा निकाल लागला. तिच्या मुलीला ए ग्रेड, माझी नापास. आणि याच विषयावर पुढच्या वर्षाचा प्रवेश अडलेला.

मुलीला पुढे घालून मी वर गेले.

“शंभरात छप्पन्न मिळालेत हिला. पास व्हायला चाळीस लागतात ना?”

“एकूण चाळीस, ताई. पण लेखीत साठापैकी चोवीस आणि अंतर्गत गुणांत चाळीसपैकी सोळा, असे वेगवेगळेही लागतात. हिला लेखीत एक्केचाळीस आहेत. अंतर्गतमध्ये पंधराच.”

“एका गुणासाठी पोरीचं वर्ष जाणार? तू तिथंच बसतेस ना? पंधराचे सोळा करायला कितीसा वेळ लागतो?”

“ते पेन कॉलेजचं आहे, ताई,” ती म्हणाली. “चहा टाकू?”

माझा तिळपापड झाला. स्वतःची मुलगी ए घेऊन बसली की नियम बोलायला काय जातं!

पण चहा गाळता गाळता तिनं माझ्या मुलीला चाचण्यांचे पेपर आणायला सांगितले. तीन चाचण्या आणि एक प्रकल्प, प्रत्येकी दहा गुणांचे. पेपरांवर होते साडेचार, साडेतीन, तीन आणि पाच. कॉलेजच्या यादीत मात्र चार, तीन, तीन, पाच.

“सरांनी दर वेळी अर्धा गुण सोडून दिलाय,” जाऊ म्हणाली. “अर्धे तसेच ठेवायचे आणि पूर्णांक करायचा तो शेवटच्या बेरजेचा, असा नियम आहे.”

“मग झालं की! सोळा झाले!”

“हिच्या एकटीचे कसे करू? सगळ्यांचेच सोडले असणार. अडुसष्ट मुलं आहेत वर्गात.”

माझ्या मुलीनं अर्ज दिला. विभागप्रमुखांनी सगळ्या वर्गाचे पेपर मागवले आणि ते पुन्हा मांडायचं काम अर्थातच जावेकडे आलं. मी रोज दुपारी फोन करायची.

“आमच्या बाईसाहेबांचं झालं का?”

“तिचा नंबर एक्कावन्न. मी बाविसाव्यावर आहे. जेवलात का?”

आठवड्यानं सुधारलेला निकाल लागला. माझी मुलगी पास झाली, सी ग्रेड. मी पेढ्यांचा पुडा घेऊन वर गेले, तर दार पुतणीनं उघडलं आणि मला बघून आत निघून गेली. तिची ए गेली होती. त्यांच्या कॉलेजात ग्रेडच्या रेषा वर्गाच्या सरासरीवरून ठरतात. बाकीच्यांचे अर्धे गुण जमा झाले, सरासरी वर सरकली आणि ए-ची रेषा बहात्तरावरून त्र्याहत्तरावर गेली. ही बहात्तरावरच राहिली.

“तुला आधीच कळलं होतं?” मी जावेला विचारलं.

“दुसऱ्या दिवशी. तिचा नंबर नववा. तिच्या पेपरांत अर्धा कुठंच नव्हता.”

“मग?”

“मग काय, एकोणसाठ मुलं राहिली होती.”

मला तिचा राग आला. आभार मानायच्या वेळी राग! पण ती नेहमीसारखी पुड्याची दोरी सोडत होती आणि माझ्या मुलीनं मागून तिला मिठी मारली होती. मला शेवटची मिठी कधी मारली होती, आठवेना.

तेव्हापासून माझी मुलगी संध्याकाळी वरच असते. काकू पुढच्या सत्राचा तक्ता आखून देते म्हणे. आणि पुतणी आईशी अबोला धरून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसते. परवा मी पोळ्या लाटत होते, तेव्हा तिनं विचारलं, “मोठ्या काकू, आईच्या जागी तुम्ही असता तर?”

“मी माझ्या मुलीची ए घालवली नसती,” मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. मलाही वाटणार होतं. ती थोडा वेळ ताटातल्या पोळीचे तुकडे करत राहिली.

“म्हणजे मग आपली ताई नापासच राहिली असती,” ती म्हणाली, आणि ताट धुऊन ठेवून वर आईकडे गेली.