सोळा नंबर

तार जिवंत आहे की मेलेली, हे भाऊ जिभेला टेकवून पाहायचे. झिणझिण्या आल्या की डोळे मिटून म्हणायचे, "जित्ती हाय!" आमच्या गावच्या छोट्या टेलिफोन एक्सचेंजचे ते लाईनमन. मी बोर्डावर बसायचो. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, मागाल तो नंबर आम्ही हाताने जोडून द्यायचो. मीटर साहेबांनी वापरावं, भाऊंचं मीटर तोंडात होतं.

त्यांचा मुलगा बापाशी भांडून निघून गेला होता. पत्र नाही, पत्ता नाही. सहा-आठ महिन्यांतून कधीतरी घराशेजारच्या चहाच्या हॉटेलात त्याचा ट्रंक कॉल यायचा. हॉटेलचा नंबर सोळा. त्याची आई धावत यायची आणि तीन मिनिटं नुसती रडायची. भाऊ दाराबाहेर उभे राहून ऐकायचे.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मोठा बोर्ड आला आणि नंबर बदलले. हॉटेल झालं एकतीस, सोळा गेला जिनिंगच्या शेठकडे. मुलाला कळवायचं कुठे? भाऊंनी कुणाला न विचारता बोर्डामागे दोन तारांची अदलाबदल करून टाकली. आठवडाभर कापसाचा भाव विचारणारे फोन हॉटेलात वाजले. मग साहेब आले, भाऊंना फैलावर घेतलं आणि तारा पूर्ववत करायला लावल्या.

त्या दिवशी भाऊ माझ्या खुर्चीपाशी थांबले. "बाबू, बाहेरगावून सोळा कोनी मांगला, तं आंधी इचारजो, कोन पायजे."

"इचारतो ना भाऊ. फिकर कायले करता?"

कित्येक महिने मी विचारलं. दर वेळी शेठच हवे असायचे. मग एका बाजाराच्या दिवशी बोर्डावर नुसती झुंबड उडाली होती, सुरतेहून कुणीतरी सोळा मागितला आणि मी न विचारताच जोडून दिला.

मिनिटभरात शेठचा मुनीम माझ्यावर ओरडला, "काहून राँग नंबर देऊन राह्यला? कोनी पोट्टा आपली माय मांगत होता. ठेवून देला म्या."

मी सुरत पुन्हा मागितली. तिथला ऑपरेटर म्हणाला, फोन करणारा निघून गेला.

मी भाऊंना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज कसा होता त्याचा?"

"चांगला होता भाऊ. खनखनीत."

मी तो आवाज ऐकलाच नव्हता.

रजा काढून ते आठ दिवस सुरतेत फिरले आणि हात हलवत परतले. फोन पुन्हा आला नाही. रिटायर झाले त्या दिवशी ते बोर्डामागे गेले, सोळाची तार सोडवली, जिभेला टेकवली.

"जित्ती हाय," म्हणाले. तार होती तशी जोडली, पक्कड माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेले.