यूर्मूरताई

जपानमधल्या सेंदाईच्या बसमध्ये सगळे मिटून बसलेले असताना यूर्मूरताईंचा आवाज मागच्या सीटपर्यंत जायचा. मी कोपराने ढोसलं की म्हणायच्या, "हळू बोलायला मी काय चोरी केलीय?" मुंबईतली बँकेची नोकरी सोडून, पन्नाशीनंतर त्या इथे भाषाशास्त्रात पीएचडी करायला आल्या होत्या. राहायच्या आमच्या शेजारच्याच फ्लॅटमध्ये.

त्यांचा विषय होता, सुईणीला निरनिराळ्या भाषांत काय म्हणतात. त्यातला नॉर्वेजियन 'यूर्मूर' त्यांच्या तोंडी इतका बसला की आम्ही मराठी मंडळींनी त्यांचं तेच नाव पाडलं. 'यूर' म्हणजे जमीन, 'मूर' म्हणजे आई. "पूर्वी बाई जमिनीवरच बाळंत व्हायची," त्या सांगत. "तिथून मूल उचलून घेणारी ती यूर्मूर." काही अभ्यासक मात्र म्हणतात, पहिला भाग मुळात 'मूल' अशा अर्थाचा जुना शब्द असावा, तो विसरला गेला आणि लोकांना तिथे जमीन ऐकू येऊ लागली.

माझ्या बाळंतपणाच्या वेळी नवरा कामासाठी तोक्योला गेलेला आणि बर्फामुळे गाड्या बंद. हॉस्पिटलात नर्सने ताईंना दारातच अडवलं. आत फक्त घरचे. "नातं काय?"

"शेजारीण," ताई जपानीत ठणकावून म्हणाल्या. "हिला जपानी येत नाही. आत हिच्याशी मराठीत कोण बोलणार आहे?"

नर्स आत गेली. एक वयस्कर सुईण बाहेर आली, आम्हा दोघींकडे तिने पाहिलं आणि ताईंच्या हातात गाऊन ठेवला. कळ आली तेव्हा मी ओठ दाबून धरले होते. "ओरड गं! इथल्या बायका गपचूप बाळंत होतात म्हणून तूही व्हायला हवंस असं नाही." मी ओरडले. मुलगी माझ्याहून मोठ्याने ओरडली.

त्याच वर्षी त्यांचे प्राध्यापक म्हणाले, यूर्मूरचं प्रकरण काढून टाका. जमिनीची व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

"सेन्सेई, सिद्ध होत नाही असंच मी लिहिलंय. पण लोकांना तिथे जमीनच का ऐकू आली, ते मी सोडणार नाही."

प्राध्यापकांनी मार्गदर्शन थांबवलं. ताईंनी क्योतोत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं ठरवलं. स्टेशनवर निरोप देताना मी म्हटलं, "ताई, एक प्रकरण काढलं असतंत तर एव्हाना पदवी मिळाली असती."

"मिळाली असती. पण प्रबंध त्यांचा झाला असता."

यंदा क्योतोत तो मंजूर झाला, त्या प्रकरणासकट. फोनवर मी विचारलं, "आता मुंबई?"

"छे! नॉर्वे. तिथल्या म्हाताऱ्या सुइणींना भेटायचंय."

या वयात, एकट्या? अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं, "जाड कोट आहे ना?"

"तुझा पाठवून दे," त्या म्हणाल्या.